प्रगतिपुस्तकं रद्दीत देऊ नकोस

इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेलं पत्र चांगलं लांबलचक आहे. खाली सही आहे, 'एक वेंधळी आई'. वय ४१, मुलगा नऊ वर्षांचा, नोकरी हिशेबाची, माहेर मुलुंडचं. ती लिहिते:

"ताई, गेल्या वर्षी मुलाचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या त्रासाचं, निदान झालं. त्याच्यासाठी आलेला फॉर्म भरताना हात थांबला. वस्तू हरवतो का, बोलताना लक्ष उडतं का, काम अर्धवट टाकतो का… नाव त्याचं होतं, उत्तरं माझी होती. मी त्याचं पीई किट (खेळाच्या तासाचे कपडे) विसरते, डेंटिस्टची वेळ विसरते, वर्ल्ड बुक डेला सगळी मुलं पुस्तकातल्या पात्रांचे वेश करून आली, तेव्हा वर्गात तो एकटा युनिफॉर्ममध्ये होता. त्या रात्री बाथरूममध्ये बसून रडले. नवरा म्हणतो, इन्स्टाग्राम बघणं कमी कर. आईला फोनवर विचारलं, तर म्हणाली, 'तुझ्यात काही खोट नव्हती. चौथीच्या स्कॉलरशिपला नंबर लागला होता तुझा.' डिसेंबरात तीन आठवडे मुंबईला येतेय, तेव्हा तिथेच तपासून घेऊ का? गोळ्यांची भीती वाटते. आणि मुलाला सांगू का? बाकी, आईबाबांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, आई माळा आवरतेय, त्यामुळे तीही सध्या वैतागलेली असते."

अगं बाई! नवऱ्यावर तू दीड पान खर्च केलंस (इथे छापलं नाही, काळजी नको) आणि माळ्यावर एक ओळ. आधी ऊठ आणि आईला फोन लाव. सांग, माझी प्रगतिपुस्तकं रद्दीवाल्याला द्यायची नाहीत. पहिली ते सहावी, सगळी. फोन करून ये, मग पुढचं वाच.

केलास? बरं.

एडीएचडी चाळिशीत अचानक उगवत नाही. निदानाच्या निकषांतली एक अट अशी की, काही लक्षणं तरी वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असली पाहिजेत. अमेरिकन निकषांत ही मर्यादा आधी सात वर्षांची होती. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ने, म्हणजे त्या निकषांच्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीने, ती बारावर नेली आणि सतरा वर्षं किंवा त्यापुढच्या माणसांना नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरतील असंही ठरवलं. म्हणून तुझी तपासणी करणारा तज्ज्ञ बरेचदा एकेक लक्षण दोनदा विचारतो, आत्ता कसं आहे आणि लहानपणी कसं होतं. रेडिंगचं तू सांगशील. १९९३ सालच्या मुलुंडचं कोण सांगणार?

तुझ्या बाई सांगतील. त्यांनी एडीएचडी हा शब्द ऐकला नसेल, पण शेरे त्याचेच लिहीत होत्या. 'हुशार आहे, पण चंचल.' 'गृहपाठ अपूर्ण.' 'घाईत चुका करते.' आपल्या वर्गातला मस्तीखोर मुलगा आठव, त्याच्या वडिलांना दर महिन्याला शाळेत बोलावणं यायचं. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीचा कुणालाच त्रास नव्हता, म्हणून ती नुसती वेंधळी. मुलींमधला एडीएचडी पुष्कळदा असाच, धावपळ न करणारा, लक्ष उडण्याचा असतो आणि म्हणून तो सुटून जातो. तेव्हा गुणांचं पान राहू दे बाजूला, शेऱ्यांचं पान हवं. आणि स्कॉलरशिप मिळाली म्हणजे एडीएचडी नाही, असं कुठल्याही निकषात लिहिलेलं नाही.

हे मी एवढ्या जोरात सांगते, कारण आमच्या घरची प्रगतिपुस्तकं मी स्वतः रद्दीत घातली आहेत. १९९८ साली गिरगावातल्या चाळीतली खोली सोडली, तेव्हा मी सुट्टीवर आले होते. माळ्यावरचं पोतं खाली ओढलं आणि न उघडता काट्यावर ठेवलं. धाकटी बहीण शेजारीच उभी होती. आलेल्या पैशांत आम्ही दोघींनी कुल्फी खाल्ली. बावीस वर्षांनी, वयाच्या पन्नाशीत, तीच बहीण इंग्लंडमध्ये, लेस्टरला, एका तज्ज्ञासमोर बसली आणि त्याने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, शाळेचे काही रिपोर्ट आहेत का?

रिपोर्ट नाहीत, तर लहानपणी ओळखणाऱ्या कुणाशी तरी बोलू दे, असं तो म्हणाला. आई तेव्हा माझ्याकडे पार्ल्याला होती. मी फोन स्पीकरवर टाकला, मधे दुभाषी म्हणून बसले. आईने कोर्टात साक्ष दिल्यासारखं सांगितलं, "अगदी व्यवस्थित होती. कधी काही तक्रार नाही." मी खुणा करून थकले. फोन ठेवला. आई परत डाळिंब्या सोलायला बसली आणि सोलता सोलता म्हणाली, "शाळेत जाताना चार पायऱ्या उतरायची आणि परत यायची. कधी डबा, कधी कंपास. म्हणून मी आपली सगळं हातात घेऊन जिन्यातच उभी राहायचे." मी विचारलं, रोज? "रोजच की. दहावी होईपर्यंत." हे वाक्य मी त्याच रात्री इंग्रजीत लिहून लेस्टरला पाठवलं.

आई तज्ज्ञाशी खोटं बोलली नव्हती. 'तुमची मुलगी कशी होती' या प्रश्नाला आया एकच उत्तर देतात, चांगली होती. त्यातून हा प्रश्न आपल्या आयांना आरोपासारखा ऐकू येतो, म्हणजे मी तुला नीट वाढवलं नाही का? तुझ्या आईने फोनवर 'खोट' हा शब्द काढला, तो याच रागातून. तू तिला काय आणि कसं विचारलंस ते पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मी सांगते, तू गुगलवरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला असणार.

तसं नको विचारूस. 'आई, मी कशी होते' हे विचारूच नकोस. विचार, 'आई, तू माझ्यासाठी काय काय करायचीस?' दप्तर कोण भरायचं? सकाळी किती हाका मारायला लागायच्या? दर पावसाळ्यात छत्र्या किती हरवल्या? चौथीच्या स्कॉलरशिपला शेजारी बसून पाढे कुणी घोकून घेतले? आपलं कौतुक सांगायला कुठलीही आई तासभर देते. तू फक्त समोर वही ठेव आणि लिहीत जा. बोलता बोलता नुसतं ऐकत राहशील आणि संध्याकाळी काही आठवणार नाही, हे मला बहिणीवरून ठाऊक आहे.

आणि हे लिहिताना तुझ्याही लक्षात येईल की, इंग्लंडला गेल्यावर तुझं का बिनसलं. मुंबईत तुझं घर तू एकटी चालवत नव्हतीस. दूधवाला, इस्त्रीवाला, भांड्यांची बाई, खालचा वाण्याचा पोरगा, 'ताई, गॅस आलाय' म्हणून ओरडणारा वॉचमन, शेजारच्या काकू आणि या सगळ्यांच्या वर आई. तुझी डायरी ही माणसं होती. विमानात बसलीस तेव्हा ती डायरी सहार विमानतळावर राहिली. लग्नानंतर काही वर्षं तरीही निभावतं, कारण विसरलं तर आपलंच विसरतं. मूल झालं, त्याची शाळा सुरू झाली, रोज एक ईमेल यायला लागला, की उघडं पडतं. इकडच्या बायका आपल्याला 'तिकडे काय, सगळं मशीनवर' म्हणतात तेव्हा मला अजून राग येतो. एकोणीस वर्षं मी त्या मशीनची बटणं दाबली आहेत.

प्रगतिपुस्तकं नाहीच मिळाली तर अडून काही राहत नाही. माझ्या बहिणीचं निदान त्यांच्याशिवायच झालं. मावशी, मोठा मामेभाऊ, शाळेतली जुनी मैत्रीण, कुणीही चालतं. मिळाली, तर शेऱ्यांच्या पानांचे फोटो काढ आणि खाली इंग्रजी अर्थ लिही. 'चंचल'ला नीट शब्द सापडत नाही म्हणून पंधरा दिवस अडून बसू नकोस.

आता बाकीचं. डिसेंबरात मुंबईत तपासणी करू नकोस. इथले मानसोपचारतज्ज्ञ उत्तम आहेत, पण दोन लग्नं आणि एका मुंजीच्या मधे ती घाईघाईने उरकायची गोष्ट नाही. शिवाय इथला अहवाल तिथला जीपी, म्हणजे तुझा फॅमिली डॉक्टर, धरेलच असं नाही, आणि पुढे गोळ्या लागल्याच तर त्या तुला तिथेच घ्यायच्या आहेत. जीपीकडून चिठ्ठी घे. इंग्लंडमध्ये 'राइट टू चूज' या हक्काखाली एनएचएसशी (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेशी) करार असलेली दुसरी संस्था निवडता येते, तेही विचार. रांग तरीही मोठीच असणार, म्हणून आजच नाव घाल. मधल्या काळात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घे. तुझ्या वयात पाळीचे बदल, अपुरी झोप, नैराश्य, यांनीही डोकं असंच होतं. गोळ्यांची भीती निदान झाल्यावर बाळग, आधी नको. मुलाला जरूर सांग, त्याला बरंच वाटेल. नवऱ्याला सांग की, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत एडीएचडीमधला आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के निघतो, तेव्हा मुलाला तो इन्स्टाग्रामवरून लागलेला नाही.

आणि एक. आईला माळ्यावर चढायला लावू नकोस. बाबांना किंवा वॉचमनला पोतं खाली काढायला सांग, आईला ते उघडू दे, आणि तुझ्या वह्यापुस्तकांचं वेगळं गाठोडं करून ती ट्रान्झिटच्या घरी स्वतःबरोबर नेऊ दे. गाठोड्यावर मोठ्या अक्षरांत 'रद्दी नाही' असं लिहायला सांग.