सुशासनाला डॉलर देऊन मिळतं काय?

प्रश्न (एक वाचक, सांगली): ताई नमस्कार. अमुक देशाने तमुक देशाला लोकशाही सुधारणांसाठी इतके कोटी डॉलर दिले असं पेपरात सारखं येतं. धरण बांधलं, पूल बांधला तर तो दिसतो तरी, पण सुशासनाला पैसे देऊन नक्की काय पदरात पडतं? आणि ही दुसऱ्याच्या घरातली लुडबुड नाही का? खरंच काही झालंय असं एक तरी उदाहरण द्या.

उत्तर: खरं सांगू का, पुष्कळदा हॉटेलातलं सेमिनार, बॅगा-फोल्डर आणि एक जाडजूड रिपोर्ट एवढंच पदरात पडतं. पण तुम्ही उदाहरण मागितलंय म्हणून ग्वाटेमालाचं सांगते, आपल्याकडे त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मेक्सिकोच्या खालचा हा छोटा देश. ३६ वर्षांचं यादवी युद्ध १९९६ ला संपलं, करार झाला, पण युद्धात तयार झालेल्या लष्करी लोकांच्या टोळ्या काही घरी गेल्या नाहीत, त्या कस्टम्स, पोलीस आणि कोर्टकचेऱ्यांमध्ये घुसून बसल्या. शेवटी तिथल्या सरकारनेच संयुक्त राष्ट्रांशी २००६ मध्ये करार केला आणि २००७ पासून या टोळ्यांचा तपास करायला सिसिग नावाचा आंतरराष्ट्रीय आयोग कामाला लागला. पैसा अमेरिका, युरोपियन युनियन, स्वीडन वगैरेंचा, वर्षाला साधारण सव्वा-दीड कोटी डॉलर, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी फ्लायओव्हरचा खर्च.

यातली खरी मेख अशी की परदेशी तपासनिसांना स्वतःच्या जोरावर कुणालाही तुरुंगात टाकता येत नव्हतं, तिथल्याच सरकारी वकिलांच्या सोबतीने, तिथल्याच कायद्याखाली, तिथल्याच जजसमोर केस उभी करायची. फोन टॅपिंग कसं करायचं, साक्षीदार कसा सांभाळायचा, बँक खात्यांचा माग कसा काढायचा हे शिकत शिकत स्थानिक वकिलांची एक पिढी तयार झाली. मला विचाराल तर डॉलरचं चीज झालं ते इथे.

२००९ ची रोझेनबर्ग केस तर सिनेमात शोभेल अशी. या वकिलाचा सायकल चालवताना गोळ्या घालून खून झाला, आणि नंतर त्याचाच व्हिडिओ बाहेर आला की माझं काही झालं तर राष्ट्राध्यक्ष कोलोम जबाबदार. लोक रस्त्यावर, सरकार पडायच्या बेताला. आयोगाने फोन कॉल्स खणून काढले आणि निघालं काय, तर त्याने स्वतःच स्वतःचा खून घडवून आणला होता! म्हणजे आयोगाने तेव्हा सरकार वाचवलं, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

मग २०१५. कस्टम्समध्ये एक फोन लाइन चालायची, आयातदाराने तिथे फोन करायचा, लाच द्यायची, ड्युटी कमी भरायची. म्हणून केसचं नावच ‘ला लिनेआ’, म्हणजे लाइन. धागा वर वर जात उपराष्ट्राध्यक्ष बाल्देत्तींपर्यंत आणि मग थेट राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिनांपर्यंत पोचला. दर शनिवारी राजधानीच्या चौकात गर्दी, संसदेने १३२ विरुद्ध ० मतांनी मोलिनांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढलं, त्यांनी राजीनामा दिला आणि २०२२ मध्ये दोघांनाही १६ वर्षांची शिक्षा झाली.

आता तुमच्या लुडबुडीकडे येते. पुढचे राष्ट्राध्यक्ष जिमी मोरालेस, मूळचे टीव्हीवरचे विनोदी कलाकार, ‘ना भ्रष्ट ना चोर’ म्हणत निवडून आले. मग त्यांच्या मुलावर आणि भावावर केस झाली (दोघंही पुढे निर्दोष सुटले, हेही सांगायला हवं), आणि ऑगस्ट २०१७ मध्ये निवडणूक निधीच्या प्रकरणात खुद्द त्यांचं संरक्षण काढा अशी मागणी झाली, तेव्हा दोनच दिवसांत त्यांनी आयोगाचे कोलंबियन प्रमुख वेलास्केस यांना देश सोडायला सांगितलं. सार्वभौमत्वाची आठवण बरोब्बर तेव्हा झाली! कोर्टाने तो हुकूम अडवला. पण सगळ्यात मोठी देणगीदार अमेरिका हळूहळू गप्प होत गेली. मे २०१८ मध्ये अमेरिकेपाठोपाठ दोनच दिवसांनी ग्वाटेमालानेही आपली वकिलात जेरुसलेमला हलवली होती, त्याचा या गप्प बसण्याशी संबंध किती ते तुम्हीच ठरवा. मुदत वाढली नाही आणि सप्टेंबर २०१९ ला आयोग बंद झाला.

त्यानंतर हाल झाले ते स्थानिक लोकांचे. परदेशी माणूस विमानात बसून जातो, पण भ्रष्टाचारविरोधी विभागाचे प्रमुख सांदोवाल यांना २०२१ मध्ये पदावरून काढल्यावर काही तासांतच देश सोडावा लागला, आणि असे कितीतरी वकील, जज आज परागंदा आहेत. देणगीदारांनी आयोगाचं बजेट केलं, पण ज्यांना पुढे उभं केलं त्यांच्या संरक्षणाचं नाही, हा माझा त्यांच्यावरचा मोठा आक्षेप.

तरी पाणी अगदीच वाळूत गेलं असं नाही. २०१५ च्या त्या गर्दीतून निघालेल्या सेमिया पक्षाचे आरेवालो २०२३ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले, सरकारी वकिलांनी पक्षच बंद पाडायचा घाट घातला, तेव्हा आदिवासी गावांच्या पंचांनी ऑक्टोबरभर रस्ते रोखून धरले आणि जानेवारी २०२४ ला मध्यरात्रीनंतर का होईना शपथविधी झाला. त्या रस्त्यांवर आयोग नव्हता.

प्रश्न (नागपूर): भारत असा पैसा देतो का?

उत्तर: देतो की! २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी सुरू झाला तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांत आपण होतो. काबूलमधली अफगाण संसदेची इमारतही आपणच बांधून दिली, २५ डिसेंबर २०१५ ला उद्घाटन झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं, इमारत आहे, निवडून दिलेले खासदार नाहीत.

प्रश्न (नंदुरबार): आमची छोटी संस्था ग्रामसभा आणि माहिती अधिकाराचं ट्रेनिंग घ्यायची. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडून परदेशी निधीतला वाटा यायचा, तो २०२० नंतर बंद झाला. आमचं काही चुकलं का?

उत्तर: नाही हो. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, बदलला, आता परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, दोघांकडे नोंदणी असली तरी. शिवाय ऑफिसखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यायला लागला. गंमत बघा, २०१८ च्या वित्त कायद्यातून राजकीय पक्षांना मात्र याच कायद्याखाली थेट १९७६ पासूनची सूट मिळाली, परदेशी भागीदारी असलेल्या कंपन्यांच्या देणग्यांबाबत. तुम्ही मुंबईच्या संस्थेला विचारा की निधी न देता त्यांनीच थेट खर्च करून तुमच्या भागात ट्रेनिंग घेता येईल का, पण होकार देण्याआधी एफसीआरए कळणाऱ्या सीएला दाखवून घ्या.