मोबाइल आणि क्यूआर कोडमुळे झेडपी शाळेतलं शिकवणं खरंच बदललंय का?

बदललंय, पण सगळीकडे सारखं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले; मोबाइलने कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ वगैरे उघडतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. (बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली, हे आवर्जून सांगायला हवं.)

खरा फायदा मला एकच वाटतो: पोराला मागे जाता येतं. वर्गात भागाकार निसटला की निसटला. व्हिडिओ हवा तितक्यांदा मागे घ्या, कुणी हसत नाही.

घोडं अडतं ते फोनपाशी. घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांच्या खिशात. ते संध्याकाळी परत येईपर्यंत चार्जिंग संपत आलेलं.

आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकणं, याला कृपया डिजिटल शिक्षण म्हणू नका. पोरं तो वहीत उतरवतात, झालं. ‘हातचा घ्यायचा राहिला बघ’ हे वही बघून सांगायला अजूनही बाईच लागतात. तुमच्या शाळेत वह्या तपासल्या जातात का, ते आधी विचारा; टॅब किती आहेत ते नंतर.