एमएच, यूपी, केएल, पीबी... सगळ्यात बेशिस्त गाडी कोण चालवतं?

प्रश्न असा आहे की महाराष्ट्रातले, दक्षिणेतले आणि उत्तरेतले लोक खरंच वेगवेगळी गाडी चालवतात का, आणि चालवत असतील तर सगळ्यात बेशिस्त कोण. विचारणाऱ्यांनी सोबत हेही लिहिलंय की परवा एक्सप्रेसवेला एका यूपी पासिंगवाल्याने त्यांना डावीकडून कट मारला. राग येणारच, पण आत बसलेला माणूस यूपीचाच होता हे कशावरून? प्लेटवरून गाडी कुठे रजिस्टर झाली तेवढं कळतं, बाकी काही नाही. माझ्याच गाडीचं पासिंग एमएच 12 आहे, सेकंडहँड घेतलेली, मी आयुष्यात पुण्यात राहिलेलो नाही, तरी कोल्हापूरपासून रायपूरपर्यंत लोक मला पुणेरी समजून शिव्या घालतात.

माझं काम वजनकाट्यांचं. दुकानातले नाही, अख्खा ट्रक वर चढवून वजन करतात ते, साखर कारखान्यात, जिनिंगला, खडी क्रशरवर असतात ते. काटा बिघडला की मालकाच्या गेटवर लाईन लागते, त्यामुळे फोन आला की निघायचं, सोबत एक हेल्पर आणि डिकीत तपासणीची 20 किलोची लोखंडी वजनं. चौदा वर्षं हेच चाललंय. महाराष्ट्र सगळा झाला, कर्नाटक, तेलंगणा, एमपी, छत्तीसगड नेहमीचं, दोन वर्षं पंजाब-हरियाणा साईडला काढली, केरळला चारपाच फेऱ्या. त्यामुळे जे सांगतोय ते स्टेअरिंगमागून बघितलेलं आहे.

तर फरक असतो. आणि मला विचाराल तर त्यातला निम्मा फरक भाषेचा असतो, म्हणजे लाईट, हॉर्न आणि हाताच्या भाषेचा.

उजव्या इंडिकेटरचंच घ्या. छत्तीसगडला जाताना दोन लेनचा रस्ता, पुढे एक दहा चाकी ट्रक, त्याने उजवा इंडिकेटर लावला. मला वाटलं वळतोय, म्हणून मी मागे राहिलो. तो काही वळेना, इंडिकेटर बंदही करेना, मी आपला मागे. शेवटी ट्रकच्या क्लीनरने डाव्या बाजूने दारावर थापा मारायला सुरुवात केली आणि ड्रायव्हरने उजवा हात बाहेर काढून असा काही हलवला की त्यात आईमाई सगळं आलं. त्याचं म्हणणं होतं की बाबा रे समोर मोकळं आहे, जा की! तिकडे बरेच ट्रकवाले उजव्या इंडिकेटरने ओव्हरटेकची परवानगी देतात. मग मला ते पाठ झालं. चार महिन्यांनी सोलापूरच्या अलीकडे पुन्हा तसंच, ट्रक पुढे, उजवा इंडिकेटर, मी म्हटलं चला बोलावतोय, आणि गाडी बाहेर काढली तर तो खरंच उजवीकडे पंपात वळत होता. ब्रेक असा लागला की डिकीतली तिन्ही वजनं मागच्या सीटच्या पाठीवर धाडकन आदळली, सीटचा पत्रा आतून अजून वाकलेला आहे, हेल्पर झोपला होता तो उठून म्हणाला "काटा आला का?"

आता यात बेशिस्त कोण? पहिला ट्रकवाला चांगुलपणा करत होता, दुसरा नियमाने वळत होता, आणि मी दोन्ही वेळा चुकलो.

डिपरचं, म्हणजे हेडलाईट चमकवण्याचंही तसंच. आपल्याकडे समोरून डिपर मारला की अर्थ "मी येतोय, तू थांब". मागून मारला की "साईड दे". इंग्लंडमध्ये राहून आलेला माझा आतेभाऊ सांगतो की तिकडे समोरचा लाईट मारतो तेव्हा बहुतेक वेळा "तुम्ही जा" असं म्हणत असतो. जपानमध्ये कुणी वाट दिली की पुढचा माणूस चारही इंडिकेटर दोनदा चमकवून थँक्यू म्हणतो. आपल्याकडे चारही इंडिकेटर म्हणजे एकतर गाडी बंद पडली, नाहीतर बोगद्यात किंवा पावसात कारण नसताना चालू ठेवलेत, नाहीतर चौकात "मी सरळ जाणार आहे" हे सांगायला, हा शोध कुणी लावला देव जाणे पण अर्ध्या देशात चालतो. प्रत्येकाला आपली भाषा बरोबर वाटते आणि दुसरा अडाणी.

घाटात हे जास्त जाणवतं. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हे नियमात लिहिलेलं आहे. कोकणातल्या घाटात एसटीवाले आणि जुने ट्रकवाले हे इतकं मुकाट पाळतात की बघत राहावं, वळणाआधी एक छोटा हॉर्न, समोरून उत्तर आलं की उतरणारा आपणहून कडेला. सुट्टीला वरून उतरणारे आपण शहरी लोक मात्र मधोमध घुसतो, मग समोर चढावर लोडेड ट्रक थांबतो, आणि भरलेला ट्रक चढावर थांबवून परत उठवणं म्हणजे काय असतं ते त्या ड्रायव्हरला विचारा.

पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या सीझनला रात्री गाडी चालवलीय का? एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मालच वीस-पंचवीस टन, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, टेललाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या जोरात की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचणं शक्यच नाही. बाहेरचा माणूस मागे लागून पाच मिनिटं हॉर्न बडवतो आणि मग वैतागून बाहेर काढतो. तिथला माणूस हॉर्नला हातच लावत नाही, लांबूनच अप्पर-डिपर करतो, समोरच्या भिंतीवर किंवा झाडावर उजेड हलताना दिसला की ट्रॅक्टरवाला थोडा डावीकडे सरकतो. मला हे कळायला दोन सीझन लागले. कारखान्याच्या काट्यावर हेच ट्रॅक्टरवाले भेटतात तेव्हा अगदी गरीब असतात हो, गाडी काट्यावर इंच-इंच सरकवतात, सांगाल तिथे थांबवतात. रस्त्यावर तोच माणूस राक्षस वाटतो कारण त्याच्या मागे लाईट नाही आणि खेपेवर पैसे मिळतात.

मुंबई-पुण्याचं भांडण तर विचारूच नका. मुंबईकर सिग्नल पाळतो, पुणेकर पाळत नाही, हे सगळे म्हणतात, थोडं खरंही आहे. पण दक्षिण मुंबईत रिक्षाच नाहीये, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही, सी लिंकवर टू-व्हीलर नाही. रस्त्यावर एकाच मापाच्या गाड्या असल्या की लेन आपोआप दिसायला लागते. पुण्यात उलट, दुचाक्याच दुचाक्या, आणि दुचाकीला लेन नसते, फट असते. पुण्यातून मुंबईत बदली झालेले माझे दोन मित्र सहा महिन्यांत स्टॉपलाईनच्या मागे थांबायला लागले. आणि मुंबईकराला साधू समजू नका, हॉर्नच्या बाबतीत तो कुणाच्या बापाला ऐकत नाही. 2020 च्या आसपास मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजायचं मशीन लावलं होतं, 85 डेसिबलच्या वर हॉर्न वाजले की लाल दिव्याचा काउंट परत पहिल्यापासून. आयडिया जबरदस्त होती. त्याच्या आधी 2015 ला आपल्या परिवहन खात्याने ट्रकमागे हॉर्न ओके प्लीज लिहायला बंदी केली, ते अजून मला रोज दोन तरी दिसतात.

आता पंजाब-हरियाणा. तिकडचे लोक रफ चालवतात, हो चालवतात, स्पीड जास्त, हायवेला रॉंग साईडने ट्रॅक्टर येणं अगदी नॉर्मल. पण एक गंमत मी दोन वर्षं जवळजवळ रोज बघितली. मोहालीकडून चंदीगडच्या हद्दीत शिरलं की माणूस बदलतो. शेवटच्या सिग्नलच्या आधी शेजारच्या गाडीतला बाप्या एका हाताने सीटबेल्ट ओढतो, बायकोला खुणावतो, मोबाईल खाली ठेवतो, झेब्राच्या मागे गाडी उभी करतो आणि एकदम सभ्य. संध्याकाळी परत हद्द ओलांडली की बेल्ट सुटतो. माणूस तोच, गाडी तीच, अंतर पाचशे मीटर. चंदीगडचे पोलीस पावती फाडतात आणि ओळख सांगून सुटता येत नाही ही ख्याती आहे, तेवढं पुरतं. मीही तेच करायचो, खोटं कशाला बोलू. हरियाणात असताना सहा महिन्यांत मी सर्व्हिस रोडला उलटा जायला लागलो होतो. घरी आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायकोने गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून रिक्षाने गेली.

आकडे बघून काही ठरतं का, तेही करून बघितलं. केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालात सगळ्यात जास्त अपघात तमिळनाडूत आहेत, 64,105. म्हणजे तमिळ लोक वाईट? पण सगळ्यात जास्त मृत्यू यूपीत, 22,595. केरळात 43,910 अपघात आणि मृत्यू 4,317, म्हणजे शंभराला दहाच्या आत. बिहारमध्ये अपघात फक्त 10,801 आणि मृत्यू 8,898, म्हणजे शंभराला 82! बिहारी माणूस केरळवाल्याच्या आठपट वाईट गाडी चालवतो असा याचा अर्थ काढणारे भेटतात. अहो, केरळात रस्ता एका गावातून निघतो आणि दुसऱ्यात शिरतो, मध्ये मोकळी जागाच नाही, दोन्ही बाजूंना घरं, गाडी चाळीसच्या वर जाता जात नाही. धक्का लागला तरी नोंद होते, इन्शुरन्सला कागद लागतो, आणि दवाखाना जवळ. जिथे बंपर घासल्यावर पोलिसात कुणी जातच नाही, नोंद होते ती माणूस गेल्यावरच, तिथे टक्केवारी अशीच दिसणार. हां, केरळातल्या प्रायव्हेट बसेस हा वेगळा विषय. प्रत्येक बसला स्टॉपची वेळ मिनिटावर वाटून दिलेली, मागची बस मागेच लागलेली, पुढच्या स्टॉपची माणसं कोण उचलणार यावर दिवसाचं कलेक्शन, त्यामुळे ते जसे पळवतात तसे पळवतात. मी पालक्काडजवळ एकदा शेताच्या बांधाला गाडी टेकवून उभा राहिलो होतो, म्हटलं जा बाबा तू.

एवढं सगळं रस्त्यावर आणि पोलिसांवर ढकलल्यावर एक ठिकाण मात्र माझ्या गणितात बसत नाही, ते म्हणजे मिझोरमची राजधानी ऐझॉल. फिरायला गेलो होतो, कामाने नाही. डोंगरातलं शहर, रस्ते अरुंद, ट्रॅफिक जाम आपल्यासारखाच. गाड्यांची एक लाईन, तिच्या बाजूने दुचाक्यांची वेगळी लाईन, आणि समोरून येणारी अर्धी बाजू पूर्ण रिकामी. रिकामी! आणि त्यात कुणी घुसत नाही. हॉर्न नाही. मी टॅक्सीत वीस मिनिटं बसून होतो आणि मला सगळ्यात जास्त आवाज कसला आला असेल तर पुढच्या दुचाकीवाल्याच्या खोकण्याचा. अरुंद रस्ते शिमल्यातही आहेत, तिथे हे होत नाही. तिथल्या ड्रायव्हरला विचारलं की असं कसं, तर त्याला प्रश्नच समजला नाही, म्हणाला घुसलो तर समोरचा कुठून येणार? मिझो लोकांत दुसऱ्याला आधी, आपण मागून अशी एक शिकवण आहे, त्लॉम्नगायह्ना म्हणतात तिला, काहीजण श्रेय तिला देतात. असेलही. उद्या तिथे बाहेरच्या दहा हजार गाड्या सोडल्या तर ती लाईन किती दिवस टिकेल, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात आला.

सगळ्यात बेशिस्त कोण याचं उत्तर हवंच असेल तर मी नवीन जागी आलेला पहिल्या आठवड्यातला ड्रायव्हर म्हणेन, मग तो कुठलाही असो. त्याला तिथली भाषा येत नाही आणि आपली तो सोडत नाही. गोव्यात भाड्याच्या गाडीवरचे आपले लोक बघा. स्थानिक माणूस गल्लीच्या तोंडाशी थांबून वाट देतो आणि आपल्याला वाटतं हा गाडी शिकतोय का काय.

जाता जाता तुमच्या यूपीवाल्याबद्दल. एक्सप्रेसवेला डावी लेन जड गाड्यांची, मधली आपली, आणि उजवी फक्त ओव्हरटेकपुरती, ओव्हरटेक झाला की परत मध्ये यायचं. आपल्याकडे मात्र उजव्या लेनला एकदा बसला की माणूस ऐंशीच्या स्पीडने पनवेलपर्यंत तिथेच, मागचा डिपर मारून मारून थकतो. डावीकडून घुसणं चूकच आहे, धोक्याचं आहे, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्याने तुम्हाला डावीकडून कट मारला म्हणजे तुम्ही त्याच्या उजवीला होतात. किती किलोमीटर होतात?