उपाशीपोटीच्या साखरेचे तीन आकडे

प्रश्न : माझे वय 52 आहे. लॅबचा माणूस घरी येऊन उपाशीपोटी रक्ताचा नमुना घेऊन गेला, त्याच्या अहवालात साखर 108 आली. दोन दिवसांनी मी स्वतः दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन रक्त दिले, तर 121 निघाली आणि त्याच सकाळी घरच्या ग्लुकोमीटरने 130 दाखवले होते. खाण्यापिण्यात काही बदल नव्हता. यातला कोणता आकडा धरायचा?

उत्तर : लॅबमध्ये गेल्या गेल्या रक्त तपासणीला घेतले गेले असेल, तर मी 121 हाच आकडा धरेन. अहवालात फरक पडला की आपण यंत्राला दोष देतो. पण साखरेच्या तपासणीत पुष्कळदा घोळ होतो तो नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच.

नळीत काढलेल्या रक्तातील पेशी जिवंतच असतात आणि त्या भोवतालच्या प्लाझ्मातील, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातील, ग्लुकोज वापरत राहतात. नमुना तसाच खोलीच्या तापमानाला ठेवला, तर दर तासाला साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज कमी होते. उकाड्यात, किंवा पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तर, त्याहूनही अधिक. म्हणजे 121 चा नमुना दोन तास पिशवीत फिरला, तर तो 108 च्या आसपास येणे अगदी शक्य आहे. यावर उपाय म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची, सोडियम फ्लोराइड असलेली नळी वापरतात. मात्र तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, कारण फ्लोराइड ज्या विकराला (एन्झाइमला) रोखते तो ग्लुकोज मोडण्याच्या साखळीत बराच शेवटी येतो आणि तोवर आधीचे विकर आपले काम करतच राहतात. परिणामी पहिल्या तास-दोन तासांतली घट बव्हंशी होऊनच जाते. नळी बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा करणे, किंवा सायट्रेटयुक्त नळी वापरणे, हे अधिक भरवशाचे.

दोन दिवसांच्या अंतराचाही थोडा वाटा असणार. एकाच माणसाची उपाशीपोटीची साखर रोज काही टक्क्यांनी हलतेच. अपुरी झोप, ताप, मानसिक ताण किंवा स्टेरॉइडची गोळी यांनी ती वाढते. उपास किमान आठ तासांचा हवा.

ग्लुकोमीटरचे 130 पाहून घाबरू नये. अशा यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 किंवा त्यावरील साखरेला 15 टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणजे 121 च्या जागी 103 ते 139 यांपैकी काहीही दिसले तरी यंत्र नियमात बसते. शिवाय रक्तक्षय असल्यास पुष्कळ ग्लुकोमीटर आकडा वाढवून दाखवतात, आणि फळ हाताळून बोटे न धुता टोचले तर बोटावरची साखरही मोजली जाते. औषधाचा रोजचा अंदाज घेण्यास ते उत्तम; मधुमेहाचे निदान मात्र त्यावर करीत नाहीत.

निदानाची रेषा 126 वर आहे आणि लक्षणे नसताना एकाच अहवालावर मधुमेह ठरवत नाहीत. आपला आकडा तिच्या खाली असला तरी 100 ते 125 हा टप्पा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी करून घ्यावी. रक्त लॅबमध्येच जाऊन द्यावे, आणि रक्तक्षय असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण त्याने एचबीए1सीचा आकडाही बदलू शकतो.