केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात कुंपण नसलेल्या छोट्या तंबूंच्या कँपमध्ये सत्तरीला आलेल्या आईला न्यावं का, की लॉजच बरं?

न्या. मी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये माझ्या आईला घेऊन अशाच एका सहा तंबूंच्या कँपमध्ये तीन रात्री राहिले. ती तेव्हा ६८ वर्षांची होती, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. त्यामुळे तुमची काळजी मला नीट कळते.

तंबू म्हटलं की आपल्याला ट्रेकचा, वाकून आत शिरायचा तंबू आठवतो. हा तसा नसतो. जाड कॅनव्हासच्या आत आरामात उभं राहता येतं, लाकडी पलंग असतात, आणि मागची चेन उघडली की तिथेच संडास-बाथरूम. पण हे बुकिंगआधी विचारून घ्या, कारण अगदी साध्या कँपमध्ये संडास तंबूपासून वेगळा असू शकतो आणि आईंसाठी ते चालणार नाही. आंघोळीच्या वेळी एक जण चुलीवर तापवलेलं पाणी घेऊन येतो, पिशवीत ओततो, ती दोरीने वर चढवतो आणि आत झारीतून पाणी येतं. वीसेक लिटर. अंग भिजवून पाणी बंद करायचं, साबण लावायचा, मग उरलेलं पाणी घ्यायचं. जन्मभर बादलीने आंघोळ केलेल्या आईला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

आता रात्र. तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि माझ्या मते तिथे राहण्याचं खरं कारणही हेच आहे. सिंह, हत्ती, जिराफ दिवसा लॉजमधून निघूनही दिसतात. ताडोब्याला आपण गेटबाहेर राहतो, संध्याकाळी जंगल मागे ठेवून परत येतो. इथे परत जायचंच नसतं. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, त्यामुळे गारठा चांगलाच असतो. पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात. दिवे मालवले की आधी तरसांची ओरड येते, खालून वर चढत जाणारी. मग कधीतरी सिंह. आपण गर्जना म्हणतो, पण तो खोल कण्हण्यासारखा लांबत जाणारा आवाज असतो आणि शेवटी तुटक हुंकार येतात. शांत रात्री तो आठ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणून उशाशी वाटला तरी बहुतेकदा तो लांब असतो.

दुसऱ्या रात्री मात्र काहीतरी खरंच उशाशी होतं. कॅनव्हासच्या पलीकडे खसाखसा गवत तोडल्याचा आवाज, मधूनच जड श्वास. मी पहारेकऱ्याला बोलवायची शिट्टी हातात घेऊन बसले होते. आईचं माहेर साताऱ्याकडचं, गोठ्यात वाढलेली. ती अंधारातच म्हणाली, "गुरासारखं चरतंय गं, चरू दे." आणि कूस बदलून झोपली. सकाळी पहारेकऱ्याने खुरांचे ठसे दाखवले. रानम्हैस होती.

सुरक्षिततेचे नियम थोडेच आहेत, पण त्यात सूट नाही. अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवायला जाताना-येताना मसाई, म्हणजे तिथल्या स्थानिक पशुपालक जमातीचा, पहारेकरी टॉर्च घेऊन सोबत असतो. चेन पूर्ण लावायची. बंद तंबू प्राण्यांना एखाद्या मोठ्या दगडासारखाच भासतो, असं म्हणतात. खाण्याची वस्तू आत ठेवायची नाही. आम्ही दुपारी भाकरवडीचं पाकीट ठेवून चेन अर्धी उघडी सोडली आणि माकडं आत शिरली, चूक आमचीच.

कँप राखीव क्षेत्रात घेण्यापेक्षा लगतच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिकांच्या जमिनीवरच्या संरक्षित क्षेत्रात घ्या. आम्ही नाबोइशो नावाच्या कॉन्झर्व्हन्सीत होतो. तिथे पाचशेहून अधिक मसाई जमीनमालकांनी आपली जमीन एकत्र करून भाड्याने दिली आहे, आणि २०१० सालापासून ही व्यवस्था चालू आहे. तंबूंची आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते, एका सिंहाभोवती वीस गाड्यांचा गराडा पडत नाही. राखीव क्षेत्रात संध्याकाळनंतर फिरता येत नाही, इथे रात्रीची सफारी करता येते. तुमचे पैसे जमिनीच्या मालकांपर्यंत पोचतात, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

शाकाहाराची चिंता नको, फक्त आधी कळवा. चपाती तिथे घरचीच आहे, स्वाहिलीतही तिला चपातीच म्हणतात. 'न्देंगु' मागा, ती मुगाची उसळच. आईने दोन्ही वेळा तेच खाल्लं.

एका गोष्टीत घाई करू नका. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर या लशीचा धोका थोडा वाढतो, म्हणून तिकिटं काढण्याआधीच आईंच्या डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. हृदयाचा मोठा त्रास असेल तर मी नेणार नाही, कारण मोठं रुग्णालय म्हणजे नैरोबी. बाकी सगळ्यांनी रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्यावा.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून जाणाऱ्या छोट्या विमानांत सामान साधारण १५ किलोच चालतं, तेही मऊ पिशवीत. आणि बुकिंग करतानाच जेवणाच्या तंबूला सर्वात जवळचा तंबू मागून घ्या, आईंना खाचखळग्यातून कमी चालावं लागेल.