पट्ट्या काढल्या, भोकांचं काय?

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी 1989 ची आहे. दोन्ही बाजूंच्या चकचकीत पट्ट्या आणि डिकीवरची अक्षरं काढून बॉडी सपाट करायची आहे. टिंकर (पत्र्याचं काम करणारा कारागीर) म्हणतो, भोकांना मागून जाळी लावून लांबी, म्हणजे पत्र्यावरची पुट्टी भरू, दोन दिवसांत गाडी देतो. करू द्यावं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : करू देऊ नका. लांबी पत्र्याची जागा घेत नाही. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दरवाजाच्या पोटातच उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, म्हणजे जाळीची मागची बाजू ओलीच राहणार. पॉलिएस्टर लांबी ओल शोषते, कडेचा पत्रा आतून गंजतो, आणि एक-दोन पावसाळ्यांत चकचकीत रंगाखाली प्रत्येक भोकाचा गोल वण उमटतो. पुढे तिथेच फोड येतो. भोक पत्र्यानेच बुजवायचं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. दरवाजाचं आतलं पॅड आणि काच उतरवा, कारण वेल्डिंगची ठिणगी काचेत रुतली की डाग कायमचा. डिकीजवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय ठिणगी पाडू नका. भोकाभोवती दोन बोटं रुंद जागा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्हीकडून उघडी करा. कडा गंजून पातळ झाली असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि तेवढीच चकती त्याच जाडीच्या पत्र्यातून काढा. लहान भोकाला चकती लागत नाही. मागून तांब्याची जाड पट्टी घट्ट धरा. वितळलेलं लोखंड तिला चिकटत नाही आणि उष्णताही ती ओढून घेते.

वेल्डिंग मिगनेच (तार आपोआप पुढे येणारं विजेचं वेल्डिंग), 0.6 मिमी तारेने. गॅसची ज्योत मोठा भाग तापवते आणि पत्रा फुगतो. सपाट दरवाजावर आलेला असा फुगा काढणं भोक बुजवण्यापेक्षा अवघड. एक टाका (वेल्डिंगचा ठिपका) मारला की लांबच्या दुसऱ्या भोकाकडे जा. हात टेकवता येईल इतकं थंड झाल्यावरच परत या. ओलं फडकं लावायची घाई नको. ग्राइंडर फक्त टाक्यावर फिरवा, शेजारचा पत्रा खाऊ नका. टाका वर राहिला असेल तर डॉली (मागून टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने अगदी किंचित खाली घ्या.

मग दोन्हीकडून इपॉक्सी प्रायमर. अ‍ॅसिडच्या एच (पत्रा किंचित खाऊन धरणाऱ्या) प्रायमरवर लांबी नीट सुकत नाही, तो टाळाच. इपॉक्सी वाळला की 180 ने घासून लांबी ओढा. 100 ग्रॅमला 2 ग्रॅम हार्डनर (लांबी घट्ट करणारी पेस्ट), म्हणजे वजनाच्या 2 टक्के. काट्यावर मोजा. मिसळताना एकसारखा रंग यायला हवा, रेघा दिसल्या तर अजून घोटा. उन्हाळ्यात चार-पाच मिनिटांत ती आवळते, म्हणून एका वेळी थोडीच घ्या. हार्डनर जास्त झाला तर पुढे पांढऱ्या किंवा फिक्या रंगातून पिवळट डाग वर येतो. कमी पडला तर लांबी चिकटच राहते.

थर 2 मिमीच्या आत. लांब लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून तिरपं घासा, आधी 80, मग 120, मग 180. लांबीचं घासणं सगळं कोरडं, पाणी अजिबात नको. बोटांनी घासलं तर खळगे पडतात आणि ते रंग चढल्यावरच दिसतात. टूके सरफेसरचे (हार्डनर मिसळून लावायच्या, बारीक चरे भरणाऱ्या प्रायमरचे) दोन-तीन हात द्या, वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारा आणि 320 ने घासा. काळं जिथे राहील तिथे खड्डा आहे. तो भरला की 600 ने पाणी लावून शेवट करा. रंग लावल्यावर दरवाजाच्या आत मेणाचं गंजरोधक फवारायचं, आणि खालची पाण्याची भोकं उघडी आहेत ना, तेही बघायचं.

दोन दरवाजे आणि दोन फेंडर नीट करायला आठवडाभर लागतोच. जुन्या पट्ट्या मात्र कागदात गुंडाळून जपून ठेवा. वाकड्या झाल्या की पुन्हा सरळ होत नाहीत.

प्रश्न : पद्मिनीच्या छताच्या कडेची पन्हळही कापून गुळगुळीत करता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आमचा सल्ला ‘नको’ असाच. या गाडीत छताचा पत्रा आणि बाजूचा सांगाडा त्या पन्हळीतच स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. पन्हळ कापली की तो जोड सुटतो. शिवाय पावसात दरवाजा उघडताच छतावरचं पाणी सीटवर येईल.

प्रश्न : रंगही बदलतोय. आरटीओला कळवावं लागेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हो. पट्ट्या काढल्याने काही अडत नाही, पण नवा रंग आरसीवर नोंदवून घ्या.