अपघाताच्या नोंदीतला ‘चालकाचा दोष’ आणि प्रबंधाचा विषय

एम.टेक.च्या प्रबंधासाठी शहरातल्या एका चौकातील अपघातांची पोलिसांकडची आकडेवारी घ्यावी, चालकांच्या कोणत्या चुका जीवघेण्या ठरतात ते त्यावरून काढावे आणि जोडीला पादचाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, असा तुमचा आराखडा आहे. तो कितपत टिकेल, असे तुम्ही विचारले आहे. हा विषय मी शिकवतो आणि असे आराखडे दरवर्षी समोर येतात, म्हणून सविस्तर लिहितो. एकच चौक घेण्याची कल्पना उत्तम आहे, परंतु ‘अपघाताचे कारण’ या रकान्यावर प्रबंध उभा करू नका.

तो रकाना भरणारा अंमलदार गुन्हा नोंदवत असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 किंवा 106 खाली (पूर्वीची 279 आणि 304अ) गुन्हा दाखल करायचा, तर कोणाचा तरी हलगर्जीपणा दाखवावाच लागतो. बंद पडलेला पथदिवा, दुभाजकातली फट किंवा चुकीचे वळण यांना आरोपी करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात 1,68,491 मृत्यूंपैकी 71 टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या एका शीर्षाखाली आहेत, पण बहुतेक घटनांत धडकेच्या क्षणीचा वेग कोणी मोजलेलाच नसतो. वेग मारतो हे निखालस खरे आहे. मात्र ते या रकान्यावरून सिद्ध होत नाही.

बळी कोण, याची नोंदही तपासून घ्यावी लागते. मंत्रालयाच्याच आकड्यांत पादचाऱ्यांचा वाटा 2015 मध्ये साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होता आणि 2022 मध्ये तो साडेएकोणीस टक्के झाला. सात वर्षांत रस्त्यावर एवढी उलथापालथ झाली असे मला वाटत नाही. नोंदणी बदलली, हेच अधिक सयुक्तिक आहे. सरकारी तक्त्यांत पादचारी कमी दिसतात, हे आयआयटी दिल्लीतील दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांचा गट कितीतरी आधीपासून मांडत होता. म्हणून तयार तक्त्यांवर थांबू नका. परवानगी मिळवून मूळ एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा वाचा.

एवढे करूनही एका चौकात संख्याशास्त्रीय निष्कर्ष काढण्याइतके मृत्यू सापडणार नाहीत, आणि सापडू नयेत हीच इच्छा. येथे स्वीडनमधील लुंड विद्यापीठात विकसित झालेले वाहतूक-संघर्षाचे तंत्र उपयोगी पडते. त्यात धडकेऐवजी थोडक्यात टळलेल्या धडका मोजतात. पादचारी एका बिंदूवरून पुढे गेल्यापासून त्याच बिंदूवर वाहन येईपर्यंत किती वेळ गेला, हे चित्रफितीवरून काढायचे. हे अंतर एक-दीड सेकंदापर्यंत खाली आले, तर तो प्रसंग गंभीर धरतात.

त्याच चित्रफितीवरून वेगही निघतो. रस्त्यावर 20 मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा. सेकंदाला 25 चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्या दोन खुणांमधले अंतर एखाद्या वाहनाने 36 चौकटींत कापले, तर त्याचा वेग ताशी 50 किलोमीटर होतो, आणि 24 चौकटींत कापले, तर ताशी 75. सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघात सुमारे चार टक्क्यांनी वाढतात, हा लुंडच्याच गोरान निल्सन यांच्या प्रारूपाचा ढोबळ निष्कर्ष आहे. तो हाताशी असला, म्हणजे तुमच्या आकड्यांवरून गतिरोधक किंवा उंचावलेले पादचारी क्रॉसिंग सुचवता येईल आणि महापालिकेच्या अभियंत्यापुढे ते ठामपणे मांडता येईल.

प्रश्नावली ठेवा, पण छोटी. ‘पादचारी पुलाचा वापर करता का?’ असे विचारले, तर माणसे योग्य वाटणारे उत्तर देतात. त्याऐवजी रस्ता ओलांडलेल्या माणसाला तिथेच गाठून तो कुठून आला, कुठे निघाला आणि हातात ओझे किंवा सोबत लहान मूल होते का, एवढेच टिपा. तो किती वेळ ताटकळला हे चित्रफितीत दिसतेच. वाट पाहण्याचा वेळ वाढला, की माणूस वाहनांमधली अधिकाधिक लहान फट स्वीकारतो. तसे असेल, तर ज्याला आपण बेशिस्त म्हणतो त्यातला मोठा भाग सिग्नलच्या वेळापत्रकातून आलेला असतो.

चित्रीकरण केवळ गर्दीच्या वेळी करू नका. रात्री नऊनंतर वाहने विरळ होतात आणि वेग वाढतात, तेव्हाचे दोन तास अवश्य घ्या. कॅमेरा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून लावा, म्हणजे चालकांचे वागणे त्यामुळे बदलणार नाही.